नुसतं 'आय७' लिहिलेला गेमिंग पीसी

प्रश्न: मुलासाठी रेडिमेड गेमिंग पीसी बघतोय, जाहिरातीत 'आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स' एवढंच लिहिलंय. घ्यावा का?

उत्तर: थांबा, आधी प्रोसेसरचा (आय७ हे इंटेलच्या प्रोसेसर मालिकेचं नाव) आणि ग्राफिक्स कार्डचा पूर्ण मॉडेल नंबर मागा. आय७-२६०० पण आय७च, पण तो २०११चा, २०२२चा साधा आय३-१२१०० त्याला सहज मागे टाकतो, आणि ते ४ जीबी ग्राफिक्स बऱ्याचदा जीटी ७३० निघतं, २०१४चं कार्ड, नवे गेम त्याला झेपतच नाहीत. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कुठल्या कंपनीचा तेही विचारा, पैसे तिथेच वाचवलेले असतात (कॅबिनेटमधले रंगीत दिवे मात्र झकास!). रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या हव्यात. मग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुट्या पार्टचं कोटेशन घ्या, दोन-तीन हजारांचा फरक जोडणीचा समजून चालेल, त्याहून जास्त असेल तर सुटेच घेऊन जोडून घ्या.