ग्रीन कार्ड आहे, पण परतायला उशीर झाला

प्रश्न : माझ्या आईकडे अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे. वडिलांच्या आजारपणामुळे ती पुण्याला गेली आणि तिथेच चौदा महिने अडकली. री-एन्ट्री परमिट (लांबच्या मुक्कामाआधी काढायचा परतीचा परवाना) काढलं नव्हतं. कार्डाची मुदत अजून पाच वर्षं आहे. ती सरळ तिकीट काढून आली तर चालेल का? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : कार्डावरच्या मुदतीवर जाऊ नका. एक वर्षाच्या आत परतणाऱ्यालाच निव्वळ कार्डावर प्रवेश मिळतो. वर्ष उलटलं की प्रवासाचा कागद म्हणून ते पुरत नाही आणि विमान कंपनी चेक-इनलाच अडवू शकते.

सरळ मार्ग म्हणजे एसबी-१, अर्थात परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. त्यासाठी मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीकडे डीएस-११७ हा फॉर्म द्यावा लागतो. तीन गोष्टी सिद्ध करायच्या असतात : निघताना आई कायम रहिवासी होती, परतण्याचा इरादा तेव्हा होता आणि पुढेही टिकून होता, आणि लांबलेला मुक्काम तिच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला.

अर्ज बहुतेकदा अडतो तो तिसऱ्या मुद्द्यावर. ‘वडील आजारी होते’ एवढंच लिहून भागत नाही. दहाव्या महिन्यात वडील हिंडूफिरू लागले असतील, तर पुढच्या चार महिन्यांचं काय, हा प्रश्न येणारच. म्हणून दाखल केल्याच्या आणि घरी सोडल्याच्या तारखा असलेले रुग्णालयाचे कागद, ‘पत्नीने जवळ असणं गरजेचं’ असं कारणासकट सांगणारं डॉक्टरांचं पत्र, रद्द केलेलं परतीचं तिकीट, अमेरिकेतले टॅक्स रिटर्न, तिथलं चालू बँक खातं हे सगळं तारीखवार लावा. टॅक्स रिटर्न ‘नॉन-रेसिडेंट’ म्हणून भरलेलं असेल तर बाजू फार कमकुवत होते. अर्ज मान्य झाला तरी डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), वैद्यकीय तपासणी आणि व्हिसाचं शुल्क हे नव्या इमिग्रंटसारखंच पार पाडावं लागतं.

अर्ज नाकारला गेला तर? तुम्ही स्वतः अमेरिकी नागरिक असाल, तर आईसाठी नव्याने आय-१३० (नातेवाइकाच्या ग्रीन कार्डासाठीचा पहिला अर्ज) भरता येतो. नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक कोट्याची रांग नसते. पुरावे तोकडे असतील तर वेळ न दवडता हाच रस्ता धरणं शहाणपणाचं.

आई व्हिसाशिवाय अमेरिकेतल्या विमानतळापर्यंत पोहोचलीच, तर तिला दुसऱ्या खोलीत नेऊन चौकशी होऊ शकते आणि आय-४०७ पुढे केला जाऊ शकतो. या फॉर्मवर सही म्हणजे रहिवासाचा हक्क स्वतःहून सोडणं. सही सक्तीची नाही. ‘मला न्यायाधीशांसमोर सुनावणी हवी’ असं सांगता येतं, आणि तिथे हक्क सोडल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. रात्रभराच्या प्रवासाने थकलेली वयस्कर माणसं न वाचता सही करून मोकळी होतात. आईला हे निघण्याआधीच नीट समजावा, आणि दुभाषी मागायला सांगा.

प्रश्न : दर सहा महिन्यांनी येऊन गेलं की कार्ड सुरक्षित राहतं, हे खरं का?

उत्तर : नाही. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर नव्याने प्रवेश मागणारे म्हणून तपासणी होऊ शकते, पण त्याहून कमी राहूनही संसार भारतात आणि अमेरिकेत फक्त फेऱ्या असं दिसलं तर हक्कावर प्रश्न येतो.

मुक्काम लांबणार असेल तर निघण्याआधी आय-१३१ भरून री-एन्ट्री परमिट मागा. अर्ज भरताना अमेरिकेत हजर असावं लागतं, आणि बोटांचे ठसे दिल्याशिवाय निघू नये. परमिट वकिलातीतून घेण्याची सोय अर्जातच मागता येते. ते साधारण २ वर्षांचं असतं आणि वाढवून मिळत नाही. मात्र नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य या परमिटने वाचत नाही. सलग वर्षभर बाहेर राहिलात की ते तुटतं.

प्रश्न : भारतात असताना ग्रीन कार्ड हरवलं तर?

उत्तर : आय-१३१ए या अर्जाचं शुल्क ऑनलाइन भरून वकिलातीत स्वतः जावं लागतं. तिथून मिळणाऱ्या कागदावर विमानात बसता येतं. शुल्क परत मिळत नाही, म्हणून बाहेर पडून वर्ष झालेलं नाही ना, हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून आधी मोजून घ्या.