सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचं जुनं वर्कस्टेशन चालू होतं पण बूट होत नाही. त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कशी चढवायची, की भंगारात द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मामांच्या ऑफिसातून स्पार्कस्टेशन ५ घरी आली आहे, पडद्यावर 'आयडीप्रॉम इनव्हॅलिड' (म्हणजे मशीनची साठवलेली ओळख बिघडली) अशा अर्थाची ओळ येते, सीडी टाकली तरी ढिम्म, आणि लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याने 'मदरबोर्ड गेला' म्हणून सांगितलंय. मदरबोर्ड गेलेला नाही. तो गेला असता तर ही तक्रार तरी कोणी केली असती?

माझी अशीच एक आहे. भोसरीतल्या कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेली, जुन्या बाजारात एका रविवारी ११०० रुपयांना मिळाली. घरी आणल्यावर बायकोने वजन विचारलं, किंमत नाही.

दुखणं असं आहे. १९९४ सालच्या या मशीनमध्ये एम४८टी०८ नावाची चिप असते. घड्याळ, सेटिंग आणि मशीनचा इथरनेट पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) तिच्यात राहतो, आणि ते जपणारी बॅटरी चिपच्या पोटातच बंद केलेली असते. दहा-बारा वर्षांत ती संपते आणि मशीन स्वतःचा पत्ताच विसरतं. बाकी सगळं धडधाकट.

उपाय 'ओके' प्रॉम्प्टवर, म्हणजे मशीन 'ok' दाखवून हुकमाची वाट बघतं तिथे आहे. तो आपोआप आला नाही तर सनच्या कीबोर्डवर स्टॉप आणि ए एकत्र दाबा. तिथे चालणारा मशीनमधलाच प्रोग्राम, ओपनबूट, म्हणजे खरं तर फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर. दोन आणि तीनची बेरीज हवी तर आधी दोन, मग तीन, मग अधिकचं चिन्ह. मराठी वाक्यासारखं क्रियापद शेवटी! मला तरी ते लगेच जमलं. इथे 'एमकेपी' हा शब्द वापरून सोळा बाइट एकेक करून लिहायचे: पंधरा माहितीचे आणि सोळावा त्या पंधरांचा एक्सॉर (बिटांवरून काढलेला पडताळा). पत्त्याची सुरुवात ८:०:२० अशी ठेवायची, ती सनची खूण. शेवटचे तीन बाइट तुमच्या मर्जीचे. हेक्समध्ये (सोळाच्या पायावरचे अंक, ० ते ९ आणि ए ते एफ) 'सी०-एफएफ-ईई' लिहिलं की कॉफी होते, हा हौशी मंडळींचा जुना विनोद. घरात अशी दोन मशीन असतील तर मात्र दोघांना एकच कॉफी देऊ नका.

वीज गेली की हे पुन्हा पुसलं जातं. मी हे सगळं नेमकं गुरुवारी, आमच्याकडे वीज जाते त्याच दिवशी, करत बसलो होतो, त्यामुळे लगेच कळलं. कायमचा इलाज हवा तर चिपचं वरचं प्लॅस्टिक कानशीने जपून घासायचं, आतल्या मेलेल्या सेलचा संबंध तोडायचा आणि बाहेरून सीआर२०३२ सेलचा होल्डर जोडायचा. होल्डर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो. ऑनलाइन मागवलेल्या दोन 'नव्या' चिपपैकी माझी एक मेलेलीच निघाली, म्हणून कानस बरी.

सीडीच्या नादी लागू नका. सनला ५१२ बाइटचे ब्लॉक देणारा ड्राइव्ह लागतो, साधे ड्राइव्ह २०४८ चे देतात. त्यापेक्षा 'ओके'वर 'बूट नेट' लिहा, म्हणजे मशीन नेटवर्कवरून सुरू होतं. मशीन केबलवर ओरडतं, 'माझा इथरनेट पत्ता हा, माझा आयपी कोणता?' याला रार्प म्हणतात. आता पत्ता आधी का दुरुस्त करायचा ते लक्षात आलं असेल. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर रार्प, टीएफटीपी (सुरुवातीची फाइल देणारं), बूटपॅराम (पुढच्या फाइली कुठे ते सांगणारं) आणि एनएफएस (त्या फाइली देणारं) चालू केलं की काम भागतं. वायफाय नको, सरळ केबल लावा.

इथे माझे दोन रविवार गेले. टीएफटीपीवर मशीन जी फाइल मागतं तिचं नाव म्हणजे त्याचाच आयपी, हेक्समध्ये, कॅपिटल अक्षरांत. १९२.१६८.१.२० चं होतं सी०ए८०११४, आणि पुढे टिंब देऊन 'सन४एम', हे या मशीनच्या घराण्याचं नाव. २० चं हेक्समध्ये १४ होतं, पण मी शेवटी १४ ऐवजी २० लिहून ठेवलं होतं. शेजारच्या काकांनी नोकरीत बरीच वर्षं सोलारिस, ही सनची ऑपरेटिंग सिस्टीम, सांभाळलेली. (पुण्यात अशी माणसं सापडतात. सी-डॅकचा १९९८ चा परम १०००० हा महासंगणक सनच्या अल्ट्रास्पार्क (पुढच्या पिढीचा, ६४ बिटचा प्रोसेसर) मशीनवरच उभा होता.) ते म्हणाले, "अरे, ते काय मागतंय ते बघ ना आधी!" पायवर टीसीपीडंप (नेटवर्कवर काय जातंय ते दाखवणारा प्रोग्राम) लावला आणि मशीन मागत असलेलं नाव पहिल्याच मिनिटात समोर आलं.

कोणती सिस्टीम? आधी नेटबीएसडी, ही युनिक्ससारखी फुकट सिस्टीम. ३२ बिटच्या स्पार्कला, म्हणजे या मशीनच्या प्रोसेसरला, ती अजून सांभाळते. तिच्या बहिणीने, ओपनबीएसडीने, २०१६ च्या ५.९ आवृत्तीनंतर हात काढून घेतला. मग हौस म्हणून सोलारिस २.६. त्यातल्या सीडीईचा तो करडा-जांभळा डेस्कटॉप त्याच पडद्यावर शोभतो. सोलारिस ९ पण चढतं, पण चढलेलं पळत नाही. १० ला तर अल्ट्रास्पार्कच लागतो. दुकानात 'विंडोज मारून देतो' म्हणतात तसं इथे होत नाही. मशीन इतकं मंद, की पहिल्यांदा एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) चाव्या तयार होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून झाला होता.

जुनी डिस्क मात्र आधी 'ओके'वर 'प्रोब-स्कझी' करून दिसते का बघा (स्कझी म्हणजे या मशीनची डिस्क जोडायची पद्धत), आणि दिसली तर पुसण्यापूर्वी तिची पूर्ण प्रत काढा. मामांच्या ऑफिसचं काही त्यात असेल तर त्यांना विचारा. डिस्क करकरत असेल तर एसडी कार्डावर चालणारं स्कझी यंत्र घ्या. या मॉडेलला ८० पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागेल. सनमध्ये डिस्कचा आयडी ३ ठेवायचा, शून्य नाही.

आणि सनचा कीबोर्ड नसेल तर अडून बसू नका. कीबोर्ड न जोडता चालू केलं की सगळा मजकूर मागच्या २५ पिनांच्या सीरियल पोर्टवर येतो. ९६०० चा वेग, नल मोडेम केबल, लॅपटॉपला यूएसबी-सीरियल. लॅपटॉपवरून ब्रेक (स्टॉप-ए च्या जागचा इशारा) पाठवला की तोच 'ओके' तिथेही येतो.