बँक दरोड्यावरचा एखादा युरोपियन चित्रपट सुचवाल का? नकाशे, लेझर, तिजोऱ्या नकोत. धडधड मात्र व्हायला हवी.

मग 'व्हिक्टोरिया' बघा. २०१५ चा जर्मन चित्रपट, दिग्दर्शक सेबास्टियन शिपर.

आधीच सांगतो, यात दरोडा दिसतच नाही. चौघा मुलांपैकी तिघं बँकेत शिरतात आणि कॅमेरा बाहेर गाडीतच बसून राहतो, स्टिअरिंगवर बसलेल्या व्हिक्टोरियाजवळ. तेवढ्यात गाडी बंद पडते. ती चावी फिरवतेय, फिरवतेय, इंजिन नुसतं घरघरतंय. आत काय चाललंय ते ना तिला माहीत, ना आपल्याला. मी इतके दरोडे पडद्यावर पाहिले, पण घशाला कोरड पडली ती या बंद गाडीत.

याचं कारण म्हणजे अख्खा चित्रपट एका शॉटमध्ये घेतलाय. जोडकाम लपवून एकच शॉट भासवायची चलाखी नाही, खरोखर एकच. पहाटे साडेचारच्या सुमारास बर्लिनमध्ये कॅमेरा सुरू झाला तो उजाडल्यावर, सव्वादोन तासांहून जास्त वेळाने थांबला. वीसेक ठिकाणं, गच्ची, लिफ्ट, धावत्या गाड्या, सगळं त्यातच. पटकथा जेमतेम १२ पानांची, त्यामुळे बरेचसे संवाद नटांनी तिथल्या तिथे रचलेले. असे तीन पूर्ण टेक झाले. आपण बघतो तो तिसरा. कॅमेरामन स्टुर्ला ग्रोव्हलेन एवढा वेळ कॅमेरा हातात घेऊन त्यांच्यामागे पळत होता. बर्लिन चित्रपट महोत्सवात त्याला सिल्व्हर बेअर हा पुरस्कार मिळाला, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शकाच्याही आधी त्याचं नाव येतं. योग्यच आहे.

पहिला तासभर मात्र धीर धरा. माद्रिदहून आलेली, जर्मन न येणारी एकटी व्हिक्टोरिया क्लबबाहेर चार टपोरी पण गोड पोरांना भेटते, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा सुरू होतात. (इंग्रजी इतकी जास्त झाली की ऑस्करच्या परभाषिक विभागात जर्मनीला हा चित्रपट पाठवता आला नाही!) डुलक्या काढणाऱ्या दुकानदाराच्या नाकाखालून बिअर उचलणं, गच्चीवर बसणं, बस्स. मी तर पहिल्या खेपेला कंटाळून मोबाईल हातात घेतला होता. तो खाली ठेवला पियानोच्या प्रसंगात. ती कॅफेत काम करते, तिथला पियानो त्या चौघांतल्या 'झोने' नावाच्या पोराला सहज वाजवून दाखवते. वाजवते काय, तर फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची 'मेफिस्टो वॉल्ट्झ' ही महाकठीण रचना! वर्षानुवर्षं तासन्‌तास रियाज केला आणि शेवटी संगीत विद्यालयातून बाहेर पडावं लागलं, हे ती हसत हसत सांगते. ही मुलगी ओळख ना पाळख असलेल्यांच्या गाडीत का बसली असेल, ते मला तिथे कळलं. व्हिक्टोरिया झालेल्या लाया कोस्टाने हे काम अप्रतिम केलंय.

कथेत खोट आहेच. तुरुंगात त्यांच्यातल्या एकावर केलेल्या उपकाराची परतफेड म्हणून एक गुंड या पोरांना तासाभरात बँक लुटायला धाडतो, हे जरा ओढूनताणूनच वाटतं. पण तोवर आपण गाडीत बसलेलो असतो.

डब केलेला चुकूनही बघू नका. कोणाला कोणती भाषा कळत नाही यावरच अर्धी गंमत आहे. आणि मायग्रेनचा त्रास असेल तर सुरुवातीची काही मिनिटं डोळे मिटून घ्या, क्लबमधले दिवे फार लखलखतात.