प्रवासातील लहान मुलांचा आहार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा ३ वर्षांचा आहे. घरी तो भाजी, फळे, दही असे सर्व काही खातो. परंतु लांबच्या प्रवासाला निघालो की बरोबर घेतलेल्या डब्याला हातही लावत नाही आणि दिवसभर बिस्किटे व वेफर्स मागत राहतो. त्याने उपाशी राहू नये म्हणून आम्ही ते देतो, आणि मग त्याला बद्धकोष्ठाचा त्रास होतो. काय करावे?

उत्तर : तो डबा नाकारतो याचे कारण बहुधा डब्यातील पदार्थांत नसते, तर त्याआधीच्या दोन तासांत असते. या वयात पोट लहान असते. थोड्या थोड्या वेळाने हाती पडलेली दोन-दोन बिस्किटे भूक मारायला पुरतात. म्हणून पदार्थ बदलण्याआधी वेळा सांभाळाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. घरच्या खाण्याच्या वेळा शक्य तितक्या तशाच ठेवाव्यात आणि मधल्या काळात केवळ पाणी द्यावे. काय आणि केव्हा द्यायचे हे आपण ठरवावे. किती खायचे हे त्याला ठरवू द्यावे. एखादा दिवस कमी खाल्ल्याने निरोगी मुलाचे नुकसान होत नाही, मात्र गाडी लागणाऱ्या मुलाला बळेच भरवले तर ते बहुधा उलटून पडते.

पदार्थ त्याच्या ओळखीचेच असावेत. नव्या चवीची ओळख घरी निवांतपणे करून द्यावी. केळे किंवा संत्रे ऐन वेळी सोलता येते, म्हणून प्रवासात ते सोयीचे आणि सुरक्षितही असते. उकडलेली अंडी, दही, शिजवलेले अन्न मात्र थंड पेटीत नसेल तर २ तासांच्या आत संपवावे, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसहून उष्ण असेल तर १ तासाच्या आत. बद्धकोष्ठावर तंतुमय फळे आणि पुरेसे पाणी यांच्याइतकाच हालचालीचा उपयोग होतो, तेव्हा प्रत्येक थांब्यावर त्याला चालू-धावू द्यावे. खाणेही शक्यतो अशा थांब्यावर, ताठ बसवूनच द्यावे. धावत्या गाडीत रेलून खाताना घास अडकला, तर पुढे बसलेल्यांच्या ते लक्षातही येत नाही. द्राक्षे उभी चिरून द्यावीत. अख्खे शेंगदाणे वा बदाम ५ वर्षांपर्यंत देऊच नयेत.

प्रश्न : आमचे बाळ ८ महिन्यांचे असून पावडरचे दूध घेते. बाटल्या घरूनच भरून नेल्या तर चालेल का?

उत्तर : नेऊ नयेत. दुधाची पावडर निर्जंतुक नसते आणि कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. उकळते पाणी थर्मासमध्ये व मोजलेली पावडर स्वच्छ, कोरड्या डबीत वेगळी न्यावी. मिसळताना पाणी किमान ७० अंश सेल्सिअस असावे. नंतर दूध निववून, मनगटावर थेंब टाकून पाहून पाजावे. तयार दूध २ तासांत वापरावे आणि बाटलीत उष्टे राहिलेले टाकून द्यावे. बाळ आईचे दूधही घेत असेल, तर प्रवासात त्याहून सुरक्षित काही नाही. वरचे अन्न गोड करण्यासाठी मध वापरू नये, कारण १ वर्षाखालील बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत. जुलाब होऊन लघवी कमी झाली, रडताना अश्रू येईनासे झाले किंवा बाळ मलूल दिसू लागले, तर प्रवास थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.