पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी फ्लॅट घ्यावा का? घेण्याआधी काय बघावं?

तुमचं म्हणणं असं: बजेट ८० लाख, सूस, बावधन आणि आंबेगाव मिळून तीन साइट बघून झाल्या, बायकोला टेकडी आवडलीय, आई-वडिलांना हवा मानवेल, तर घ्यावा का, काय काळजी घ्यावी आणि पुढे रेट चढेल का. रेटचं शेवटी बघू. आधी मला सांगा, या तीनपैकी एका तरी साइटवर तुम्ही इमारतीच्या मागे गेलात का? नसाल गेला. सेल्सचा मुलगा मागे नेतच नाही, तो गच्चीवर नेतो.

मी २००९ पासून आंबेगाव-कात्रज पट्ट्यात राहते. बँकेत ३३ वर्षं काढली म्हणून सोसायटीने मला न विचारताच खजिनदार करून टाकलं. पुढे ज्या चेकची गोष्ट येणार आहे त्याच्यावर सही माझीच आहे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर खाली कुणीतरी येऊन लिहील.

आमच्या दोन्ही विंगांच्या मागे टेकडी कापलेली आहे आणि तिला लागून काळ्या दगडाची चौदा फुटी भिंत. रिटेनिंग वॉल, म्हणजे टेकडीची माती अडवून धरणारी भिंत. तिच्यात ओळीने पाइपचे तुकडे बसवलेले होते, मागे साठणारं पाणी बाहेर पडायला. पावसाळाभर त्यांतून ठिबकायचं आणि भिंतीवर तांबडे ओघळ उतरायचे. २०१८ च्या उन्हाळ्यात सोसायटी रंगवायला काढली. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, एवढा महागाचा क्रीम कलर देतोय आणि दोन महिन्यांत त्यावर पुन्हा ओघळ, ती भोकं बुजवून टाका की. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. रंगाऱ्याने भोकं बुजवली, वरून गिलाव्याचा हात फिरवला, ३८ हजारांचा चेक मी फाडून दिला. त्या वर्षी गणपतीत भिंत इतकी छान दिसत होती की रांगोळी स्पर्धा आम्ही मुद्दाम तिच्यासमोर घेतली.

मग २०१९ चा पावसाळा आला. २९ जूनला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत पार्किंगमधल्या गाड्यांसकट खाली बांधकाम मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, १५ माणसं गेली. तीन दिवस होतात न होतात तोच आमच्या आंबेगावात एका कॉलेजची भिंत पडली, सहा मजूर गेले, आणि त्याच रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यातली. तिन्हीकडे मेले ते भिंतीच्या खालच्या बाजूला झोपलेले. आम्ही आमच्या भिंतीच्या कुठल्या बाजूला आहोत, हा विचार दहा वर्षांत मला पहिल्यांदा तेव्हा आला.

टॉर्च घेऊन मागे गेले. भिंत मधोमध पुढे आल्यासारखी वाटली. वाटण्यावर काय ठेवायचं, म्हणून समोरच्या साइटवरच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायचा वजन बांधलेला दोरा. वॉचमनला वर चढवला, दोरा भिंतीपासून चार बोटं लांब धरायला सांगितला. बी विंगच्या मागे तो दोरा भिंतीच्या मध्यावर येऊन टेकला. ए विंगच्या मागे टेकला नाही, पण दोनच बोटं उरली.

माझे धाकटे दीर बी विंगमध्ये राहतात. सिव्हिल इंजिनिअर, पुलांची कामं केलेली, सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन. मीटिंगमध्ये मी ओळंब्याचं सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, भिंत फुगलेली नाही. गिलावा जाड पडलाय तिथे. तुम्ही पावत्या बघा." लोक हसले. आमचे हेही हसले, ते मी विसरलेले नाही.

पण पावत्याच तर बघत होते मी! सिमेंटची पावती पाच गोण्यांची होती. भोकं बुजवायची, वर हात फिरवायचा, त्यात पाच गोण्या संपतात. चार बोटं जाड गिलावा त्यातून आला कुठून? यावर भाऊजी म्हणाले, "बरं, उघडू भोकं, पण एकदम नको." फंडात पैसे कमी, म्हणून ठरलं की आधी ए विंगमागची उघडायची आणि बी विंगमागची दिवाळीनंतर.

ऑगस्टमध्ये गवंडी आला. खालच्या ओळीतल्या तिसऱ्या भोकात पहार आरपार गेली आणि पाण्याची धार चार फूट पुढे येऊन माझ्या साडीवर पडली. आधी लाल, मग थोड्या वेळाने नितळ. ते एक भोक दोन दिवस वाहत होतं.

२५ सप्टेंबरची रात्र पुण्यात कुणाला सांगायला नको. आंबिल ओढा कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत घरांत शिरला, शहरात आणि आसपास वीसहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे लाइट गेली होती म्हणून सगळे घरातच होते, हे नशीब. बी विंगमागची तीस फूट भिंत पार्किंगमध्ये बसली. "पडली" नाही म्हणणार मी, आवाजही फार झाला नाही, वाळूचा ट्रक रिकामा केल्यासारखा. दोन स्कूटर आणि एक वॅगनआर गाडली गेली. ए विंगमागची भिंत आजही उभी आहे.

भाऊजींचं अजूनही म्हणणं की बी विंगच्या मागे जुनी घळ बुजवून भराव केलेला होता, म्हणून ती बाजू गेली, भोकांचा काही संबंध नाही. असेलही भराव. पण घळ म्हणजे तरी काय, पाणी उतरायची वाटच ना? मग तिथली भोकं आधी उघडायची की नंतर? हा प्रश्न मी दर दिवाळीला फराळाच्या वेळी विचारते.

भिंत परत बांधायला प्रत्येक फ्लॅटमागे ६२ हजार पडले. आमचं पझेशन २००९ चं, त्यामुळे रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या बाजूचा तो बिल्डरांवरचा कायदा, वगैरे काही नाही, आणि बिल्डर तर फोनच घेत नव्हता. तुमचं नशीब त्या बाबतीत बरं. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. पण मागची भिंत मंजूर नकाशात दाखवलीय का, की नंतर "जागेवर बघून" उभी केलीय, हे बुकिंगआधी विचारा. आणि पाच वर्षांनंतर तिची मालक सोसायटी, म्हणजे तुम्ही. क्लब हाऊसच्या जिमपेक्षा ती भिंत महाग पडते.

तर काय बघायचं. जमीन आधी समजून घ्या. आपल्याकडे टेकडीवर वर मुरूम असतो आणि खाली काळा दगड. मुरूम पाणी पितो, दगड पीत नाही, त्यामुळे पाणी दोघांच्या मधल्या सांध्यावरून उताराने सरकत राहतं आणि जिथे तुम्ही टेकडी कापाल तिथे बाहेर येतं. माझं माहेर भोरकडचं. आमच्याकडे याला उपळ फुटली म्हणतात, आणि उपळीच्या जागी वडिलांनी गोठासुद्धा बांधला नसता. इथे त्याच जागी बेसमेंट पार्किंग असतं. आमच्या लिफ्टच्या खड्ड्यात जुलैपासून दिवाळीपर्यंत पाणी येतं, इतकं स्वच्छ की तळाचा स्क्रू दिसतो. चार महिने पंप लावून ते गटारात सोडायचं आणि मार्चपासून टँकर विकत घ्यायचे, हा आमचा वार्षिक कार्यक्रम. म्हणून सांगते, फ्लॅट बघायला ऑगस्टमध्ये जा, आणि लिफ्टचा खड्डा दाखवा म्हणा. दसऱ्याची ऑफर दसऱ्याला का असते? तोवर ओघळ वाळलेले असतात.

टेकडीवरून येणारा ओढा सोसायटीत कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, हे पायाने चालून बघा. वर सहा फुटी पात्र आणि तुमच्या गेटखाली दोन फुटी पाइप असेल, तर बाकीचं पाणी पार्किंगमधून जाणार, दुसरीकडे कुठे जाईल? आणि फक्त तुमच्या प्लॉटपुरतं बघू नका, वर काय चाललंय तेही बघा. ६ जून २०१३ ला नव्या कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीत काय झालं होतं? तिथे डोंगर फोडून सपाट केलेला, पाण्याच्या वाटा बुजलेल्या. जोराचा पाऊस झाला, लोंढा हायवेवर आला आणि आई आणि लहान मुलगी वाहून गेल्या. त्यांनी तिथे घर घेतलं नव्हतं, त्या नुसत्या त्या रस्त्याने जात होत्या. माहेरी जाताना मी अजून त्या उताराकडे बघते.

"समोरची टेकडी कायम अशीच राहणार, बीडीपी आहे," असं तुम्हाला सांगितलं असेलच. बीडीपी म्हणजे बायोडायव्हर्सिटी पार्क, टेकड्या मोकळ्या राखायचं आरक्षण. १९९७ ला महापालिकेत आलेल्यांपैकी जी २३ गावं पुढे पालिकेत राहिली, त्यांतल्या टेकड्यांवरचं ९७८ हेक्टर हे बीडीपीचं आरक्षण. आंबेगाव पालिकेत आलं २०१७ ला, सूस आणि बावधन बुद्रुक २०२१ ला. म्हणजे तुमच्या समोरची टेकडी नेमकी कशात मोडते ते साइटच्या ब्रोशरवरून कळणार नाही. सर्व्हे नंबर घ्या आणि झोन दाखला, म्हणजे ती जमीन कशासाठी राखलीय त्याचा दाखला, काढा, तुमच्या प्लॉटचाही आणि मागच्याही. १:५ पेक्षा जास्त चढ असेल, म्हणजे पाच फूट पुढे गेल्यावर एक फुटाहून जास्त चढावं लागत असेल, तर तिथे बांधकामाला परवानगी नाही. हे डोळ्यांनीसुद्धा कळतं. बीडीपी असलं म्हणून टेकडी सुखरूप, असंही समजू नका. रात्री डंपर येतात, राडारोडा टाकून जातात, वर्षभरात उतार सपाट होतो आणि मग तिथे पत्र्याची शेड उगवते. कोणी उतारावरचे एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट "नंतर नियमित होतील" म्हणून दाखवत असेल तर चहासुद्धा पिऊ नका त्याच्याकडे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेलं गवत पेटतं, खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. घोणस दरवर्षी एक तरी निघते. हायवेचा आवाज टेकडीवर आपटून परत येतो, त्यामुळे मागच्या बाजूचा "शांत" फ्लॅट तितका शांत नसतो. हे सगळं चालतं हो, सवय होते.

आता एवढं वाचून तुम्ही सपाटीवर घर घ्यायला पळाल, तर थांबा. सिंहगड रोडची एकता नगरी काही टेकडीवर नाही, नदीकाठी आहे, आणि जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर तिथल्या लोकांना बोटीतून काढावं लागलं. शिवाय मी इंजिनिअर नाही. माझ्या ओळंब्यावर विसंबून निर्णय घेऊ नका. भिंतीला पाच-सात हजार घेऊन बघून देणारे लोक मिळतात, स्ट्रक्चरल इंजिनिअर नातेवाईक नसलेला शोधा. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः इथून हललेले नाही. पहाटे मागून मोर ओरडतो, मे महिन्यात रात्री पंखा लागत नाही, आणि ए विंगमागची भोकं मी दर मे महिन्यात वॉचमनला सळई घेऊन साफ करायला लावते. ओघळ येतात. येऊ देत.

रेटचं राहिलं. ते मला विचारू नका, भाऊजींना विचारा. त्यांनी मागच्या वर्षी बी विंगमधला फ्लॅट विकायला काढला, अजून गेलेला नाही. एक गिऱ्हाईक अगदी टोकनपर्यंत आलं होतं. पण ते आलं जुलैमध्ये, आणि बाई आधी लिफ्टच्या खड्ड्यात वाकून बघायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही.