अर्ज प्राचार्यांना नव्हे, तक्रार समितीला द्या

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पुतणी जतहून सांगलीत शिकायला आली, वसतिगृहावर राहते. प्रॅक्टिकलचे सर रात्री-अपरात्री मेसेज करतात, ‘बाहेर भेटलीस तर मार्कांचं बघू’ म्हणतात. प्राचार्य म्हणाले, अर्ज माझ्याकडे द्या, मी समज देतो, पोलिसांत जाऊ नका. आणि अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिथं ‘टायटल नाइन’ आहे, आपल्याकडे काहीच नाही.

सांगली-साताऱ्यातल्या काही कॉलेजांच्या समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते. कागद कुठं अडतो ते रोज बघते, म्हणून जरा लांबच लिहिते.

भाच्याचं अर्धं बरोबर आहे. टायटल नाइन हा तिथला १९७२ चा कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला त्यानुसार लिंगावरून भेदभाव करता येत नाही, आणि लैंगिक छळही त्यात येतो. शिवाय १९९० चा क्लेरी कायदा आहे: कॅम्पसवर किती गुन्हे घडले याचे आकडे कॉलेजनं दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करायचे. आपल्याकडे असा एकच कायदा नाही, तुकड्या-तुकड्यांत आहे. मुख्य तुकडा म्हणजे २०१३ चा पॉश कायदा (कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा) आणि त्याला धरून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, केलेले २०१५ चे विनियम, जे मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले. ते खास कॉलेज-विद्यापीठांसाठी आहेत आणि छळ फक्त मुलींचाच होतो असं ते धरत नाहीत. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही त्यात उल्लेख आहे.

आता प्राचार्यांचं. त्यांचा हेतू चांगला असेलही, पण हा अर्ज घेऊन मिटवणं त्यांच्या अखत्यारीतच नाही. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक बाहेरचा सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्याचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी. प्राचार्य आणि विभागप्रमुख हे समितीवर बसूच शकत नाहीत. ही अट मुद्दाम घातलेली आहे. अर्ज त्यांच्या टेबलावर गेला की त्याचं ‘समज देऊन सोडलं’ होतं, आणि दोन महिन्यांनी विचारायला गेलात तर कागदच सापडत नाही.

म्हणून अर्जावर ‘मा. अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती’ असंच लिहा. ऑफिसात आवक नंबर आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. घेईनात तर स्पीड पोस्टनं पाठवा. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. प्रकार सलग चालला असेल तर शेवटच्या घटनेपासून. समितीला पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात, पण त्या भरवशावर राहू नका.

पुरावा म्हणजे मेसेज. मुली इथं एक गोष्ट हमखास करतात: आपलीच उत्तरं पुसतात. ‘ओके सर’, ‘हो सर, बघते’ असं लिहिलेलं असतं आणि त्याची लाज वाटते. पुसू देऊ नका. ज्याच्या हातात मार्क आहेत त्याला विद्यार्थिनी तसंच उत्तर देणार, हे समितीला कळतं. अर्धवट चॅट मात्र सगळ्यांनाच खटकतं. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा आणि मूळ फोन तसाच ठेवा.

अर्जातच आणखी एक मागणी घाला, कारण समितीला ती आपणहून सहसा सुचत नाही. चौकशी चालू असताना त्या सरांनी तिचे पेपर, प्रॅक्टिकल, टर्मवर्क तपासू नये, असा अंतरिम आदेश देता येतो. बॅच बदलून मिळते, लागली तर रजाही मिळते. मला विचाराल तर सगळ्या प्रक्रियेत मुलीला पहिला श्वास इथं मिळतो. निकाल लागायचा तेव्हा लागेल. चौकशीला ९० दिवस, त्यानंतर अहवाल, त्यावर कारवाईला ३० दिवस. तोवर तिची परीक्षा होऊन जाते ना!

‘माफी मागतील, मिटवू’ असा निरोप येईलच. समेट फक्त तिनं स्वतः मागितला तर, आणि पैशांवर कधीच नाही. ‘सिद्ध झालं नाही तर मुलीवरच उलटेल’ अशीही भीती घालतात. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तिच्यावर कारवाई करता येत नाही. तक्रार जाणूनबुजून खोटी केल्याचं ठरावं लागतं. आणि कृपा करून भावकीच्या ग्रुपवर यातलं काही टाकू नका. नावं गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

पोलिसांचं दार वेगळं आहे. समितीचा निकाल लागेपर्यंत थांबा, असं कुठलाही कायदा म्हणत नाही. उलट तिला गुन्हा नोंदवायचा असेल तर मदत करणं हे संस्थेचं काम आहे. शरीरसुखाची मागणी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये येते, नकार देऊनही पाठलाग किंवा मेसेज चालू ठेवणं ७८ मध्ये. पहिल्या गुन्ह्याला दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सांगलीत जाणं नको वाटलं तर जतच्या ठाण्यातही झिरो एफआयआर होतो, म्हणजे गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी नोंदवून घेतात. माहिती महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. पुतणी अठराच्या आतली असेल तर गोष्टच वेगळी: मग पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागतो, आणि माहिती असून पोलिसांना न कळवणारे संस्थाप्रमुखच अडचणीत येतात.

वसतिगृहाचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मुलींना सातला गेट बंद, मुलांना दहापर्यंत मोकळीक. ‘सुरक्षेसाठी’ हे उत्तर चालत नाही. मुलींच्या सुरक्षिततेचं कारण देऊन मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, असं त्याच विनियमांत स्पष्ट आहे. ही तक्रार मात्र वेगळ्या अर्जावर, विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे द्या. दोन विषय एका कागदावर आले की सोपा तेवढा सुटतो.

समिती खरंच आहे की फक्त नोटीस बोर्डावर, हे बघायचं असेल आणि कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकारात समिती नेमल्याचा आदेश आणि वार्षिक अहवालाची प्रत मागा. दहा रुपयांचा अर्ज, विषय एकच, दीडशे शब्दांच्या आत.

वकिलाचा खर्च विचारलात. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विजयनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं पुतणीला घेऊन जा. पोच घेतलेल्या प्रती आणि तो फोन बरोबर न्या.