शिलाई मशीन १२० व्होल्टचं, विक्रेता म्हणतो ‘आहे तसं विकलं’

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी पतीच्या कामाच्या व्हिसावर अवलंबित म्हणून मी इंग्लंडमध्ये आले. नवं शिलाई मशीन परवडेना, म्हणून ऑनलाइन जाहिरात पाहून जुनं घेतलं. ‘पूर्ण सर्व्हिस केलेलं, प्लग लावा आणि शिवायला बसा’ असं जाहिरातीत होतं. १३५ पौंड आधी बँकेतून पाठवले, मशीन कुरिअरने आलं. प्लग चपट्या दोन पिनांचा होता, सोबत विक्रेत्याने ॲडॅप्टर दिला होता. पेडलला पाय टेकताच मशीन सुसाट पळायचं, पेडल तापायचं. चौथ्या दिवशी जळका वास येऊन बंद पडलं. मग हातचाकाखालच्या पाटीवर ‘१२० व्होल्ट’ लिहिलेलं दिसलं. विक्रेता म्हणतो, ‘मी खासगी माणूस आहे, आहे तसं विकलं, तुम्ही चुकीचं वापरलं.’ त्याच्या नावावर आणखी तीसेक मशिनं विक्रीला आहेत. मशीन येऊन आज १९ दिवस झाले. ओळखीचे सांगतात, ६० पौंडांत मोटर बदला आणि सोडून द्या. पैसे परत मिळतील का? पुढे थोडंफार बाहेरचं अल्टरेशन करायचाही विचार आहे.

उत्तर : मोटर बदलू नका. मशीन उघडूही देऊ नका. तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे ती पाटी, तो प्लग आणि ती जळलेली मोटर. कारागिराने मशीन खोललं की ‘बिघाड त्यानेच केला’ म्हणायला विक्रेता मोकळा.

मशीन का जळलं हे आधी पक्कं समजून घ्या, कारण पत्रात तेच लिहायचं आहे. इंग्लंडमधली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे. घरगुती मशिनच्या छोट्या मोटरला जवळपास दुप्पट दाब मिळाला की ती वेडीवाकडी पळते, गुंडाळी तापते आणि शेवटी जळते. ॲडॅप्टरने फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो विक्रेत्याने दिलेला नाही. उलट ॲडॅप्टर त्यानेच पाठवला, म्हणजे मशीन इथल्या सॉकेटला लावायला त्यानेच सांगितलं. ‘चुकीचं वापरलं’ हा त्याचा बचाव त्याच्याच पार्सलमधल्या वस्तूने खोटा ठरतो.

आता खरा प्रश्न मशिनचा नाही, माणसाचा आहे. विक्रेता खरोखर खासगी आहे, की धंदा करतो? सगळं प्रकरण याच एका उत्तरावर फिरतं. २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट लागू होतो तो व्यापाऱ्याने ग्राहकाला विकलेल्या मालाला, आणि जुना मालही त्यात येतो. व्यापारी म्हणजे आपल्या धंद्याच्या संदर्भात वागणारी व्यक्ती. दुकान किंवा पाटी असलीच पाहिजे असं नाही. किती वस्तू विकल्या की व्यापारी, असा आकडा कायद्यात नाही. न्यायाधीश सगळं चित्र पाहतो : माल पुन्हा विकण्यासाठीच घेतला का, विक्री नियमित आहे का, ‘सर्व्हिस केलेलं’ असं सांगून नफा मिळवतो का. घरातलं एक जुनं मशीन विकणाऱ्याकडे तीस मशिनं नसतात.

म्हणून पत्र पाठवण्याआधी, आजच, त्याच्या सगळ्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि विक्रेत्याचं नाव दिसलं पाहिजे. जुन्या खरेदीदारांचे अभिप्राय, तुमची जाहिरात आणि सगळा मेसेजांचा व्यवहारही जपून ठेवा. पत्र मिळालं की जाहिराती नाहीशा होतात. कुरिअरच्या लेबलवर पाठवणाऱ्याचा पत्ता असेल तर त्याचाही फोटो काढा. पुढे दावा लावायची वेळ आली तर पत्त्याशिवाय पान हलत नाही.

धंदा करत असताना ‘मी खासगी विक्रेता’ असं भासवणं ही इथे सरसकट बंदी असलेली व्यापारी पद्धत आहे. आधी ती अनुचित व्यापाराविरुद्धच्या २००८ च्या नियमांत होती. ६ एप्रिल २०२५ पासून २०२४ च्या डिजिटल मार्केट्स कायद्याच्या अनुसूची २० मध्ये आहे. पत्रात याचा एका ओळीत उल्लेख पुरे. धमकीचा सूर लावू नका.

व्यापारी ठरला की ‘आहे तसं विकलं’ला ग्राहकासमोर काही किंमत राहत नाही. २०१५ च्या कायद्यानुसार मालाचा दर्जा समाधानकारक हवा (कलम ९), तुम्ही सांगितलेल्या कामाला तो उपयोगी हवा (कलम १०) आणि वर्णनाप्रमाणे हवा (कलम ११). या जबाबदाऱ्या करारातून झटकता येत नाहीत, असं कलम ३१ सांगतं. जुन्या मशिनच्या झिजलेल्या दातांबद्दल किंवा उडालेल्या रंगाबद्दल तक्रार करता येणार नाही, कारण दर्जा ठरवताना वय आणि किंमत पाहिली जाते. पण सुरक्षितता हा दर्जाचाच भाग आहे, आणि इथल्या सॉकेटला लावल्यावर जळणारं मशीन कोणत्याही वयाचं असो, दर्जात बसत नाही.

पैसे परत मागायला तुमच्याकडे दोन वाटा आहेत. पत्रात दोन्ही धरा.

पहिली वाट माल नाकारण्याची. सदोष माल ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात (कलम २२). तुमचे १९ गेले, ११ उरले. इथे एक बारीक मेख आहे. माल आल्यापासून सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं धरून चालायचं, ही ग्राहकाच्या बाजूची सवलत दुरुस्ती, बदली आणि त्यानंतरच्या उपायांना आहे. ३० दिवसांतल्या नाकारण्याला नाही. म्हणजे दोष आधीपासून होता हे तुम्ही दाखवायचं. एरवी याच ठिकाणी लोक अडकतात. मशीन टाके सोडतंय, यात सुई आणि हुकाच्या जुळणीचा (टायमिंगचा) बिघाड मूळचा की सुई उलटी बसवलेली, हे सिद्ध करणं अवघड. तुमचं तसं नाही. कारखान्यात बसवलेल्या पाटीवरचे १२० व्होल्ट घरी आल्यावर उमटत नसतात.

दुसरी वाट खरेदी रद्द करण्याची आहे आणि मला ती जास्त आवडते, कारण तिथे दोष सिद्धच करावा लागत नाही. व्यवहार पूर्णपणे ऑनलाइन ठरला, माल कुरिअरने आला. अशा खरेदीला २०१३ चे कन्झ्युमर कॉन्ट्रॅक्ट्स नियम लागतात : माल हातात आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतं. ते १४ दिवस गेले म्हणून हातपाय गाळू नका. व्यापाऱ्याने हा हक्क तुम्हाला सांगितलाच नसेल, तर मुदत १२ महिन्यांपर्यंत वाढते. स्वतःला खासगी म्हणवणारा हा हक्क कशाला सांगेल? म्हणजे त्याच्याच पवित्र्यामुळे तुमची मुदत लांबली. शिवाय माहिती दिली नसेल तर ‘वापरल्याने किंमत घटली’ म्हणून त्याला पैसे कापता येत नाहीत, आणि परतीचा खर्च ग्राहकाचा असतो हे सांगितलेलं नसेल तर तोही त्याच्याकडेच जातो.

पत्र इंग्रजीत, छोटं आणि कोरडं ठेवा. खरेदीची तारीख, रक्कम, मशिनचं मॉडेल. जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं. पाटीवर १२० व्होल्ट आहे आणि मशीन अमुक तारखेला बंद पडलं. मग हे वाक्य हवंच : ‘२०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टच्या कलम २२ खाली मी हा माल नाकारत आहे, पर्यायाने २०१३ च्या नियमांखाली करार रद्द करत आहे.’ नाकारण्याचा शब्द स्पष्ट असावा. ‘काहीतरी करा ना’, ‘बघून घ्या’ असं लिहिलं की ती दुरुस्तीची विनंती ठरू शकते, आणि मग दुरुस्तीला वाजवी वेळ द्यावा लागतो. तो काळ ३० दिवसांत मोजला जात नाही आणि मशीन परत आल्यावर निदान ७ दिवस मिळतात हे खरं, पण तुम्हाला दुरुस्ती नकोच आहे. शेवटी १३५ पौंड १४ दिवसांत परत करा आणि मशीन कसं न्यायचं ते कळवा, एवढं लिहून थांबा. ईमेल, जाहिरात जिथे होती त्या ऑनलाइन बाजाराचा मेसेज आणि पोस्ट, तिन्ही मार्गांनी पाठवा. पोस्टात पत्र टाकल्याचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. ते मागून घ्या. ॲडॅप्टर आणि मूळ खोका टाकून देऊ नका.

समजा, तो खरोखरच खासगी निघाला. तरी सगळं संपत नाही. दर्जाची हमी खासगी विक्रीत नसते, पण माल वर्णनाप्रमाणे असण्याची असते (१९७९ च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टचं कलम १३). ‘प्लग लावा आणि शिवायला बसा’ हे वस्तुस्थितीचं विधान आहे. ते खोटं ठरल्यास १९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन ॲक्टखाली भरपाई मागता येते. ही वाट जास्त खडकाळ आहे, म्हणून पत्रात ती तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

तुमच्या अल्टरेशनच्या विचाराकडे विक्रेत्याचं लक्ष जाऊ शकतं, तेव्हा तेही सांगतो. ग्राहक म्हणजे संपूर्णपणे किंवा मुख्यतः धंद्याबाहेरच्या कारणासाठी घेणारा. घरच्या कपड्यांसाठी घेतलं आणि पुढे कधीतरी चार जणांच्या पॅन्टा आखूड करून दिल्या, तर तुम्ही ग्राहकच. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी व्यापाऱ्यावर आहे. पण ‘मी शिलाईचा व्यवसाय सुरू करतेय’ असा मेसेज त्याला आधीच केला असेल तर तो लपवू नका. त्या हिशेबाने १४ दिवसांचा हक्क जातो आणि १९७९ च्या कायद्याच्या कलम १४ वर (धंद्याने विकलेल्या मालाच्या दर्जाची हमी) उभं राहावं लागतं. कामाच्या व्हिसाच्या अवलंबिताला स्वतंत्र व्यवसाय करता येतो. हे वाचणाऱ्या विद्यार्थी व्हिसावरच्या मैत्रिणींना मात्र नाही; पैसे घेऊन केलेलं एक अल्टरेशनही त्यांच्या व्हिसावर बेतू शकतं. करवर्षात १००० पौंडांपर्यंतच्या अशा ढोबळ उत्पन्नावर ट्रेडिंग अलाउन्समुळे कर लागत नाही.

१४ दिवसांत उत्तर नाही आलं तर दाव्यापूर्वीचं शेवटचं पत्र पाठवा, आणखी १४ दिवस द्या, मग ऑनलाइन मनी क्लेम लावा. १०,००० पौंडांपर्यंतचे दावे साधारणपणे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे कोर्टाच्या छोट्या दाव्यांसाठीच्या सोप्या पद्धतीने, चालतात. वकील लागत नाही, आणि लावला तर जिंकूनही त्याची फी सहसा मिळत नाही. ३०० पौंडांपर्यंतच्या दाव्याची कोर्ट फी ३५ पौंड आहे. जिंकल्यास ती समोरच्याकडून मिळते. अनेक विक्रेते दाव्यापूर्वीच्या पत्रावरच नरमतात, कारण तीस मशिनांच्या धंद्याची चौकशी १३५ पौंडांपेक्षा महाग पडते. त्याच सुमारास सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक सेवेला कळवा; तिथून तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी विभागाकडे, जाते. बाकीची तीसेक मशिनंही कोणाच्या तरी घरी जाणार आहेत.

बँकेतून थेट पैसे पाठवणं ही या व्यवहारातली तुमची चूक. ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना फसवणुकीची रक्कम ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यावी लागते, पण माल आला आणि तो सदोष निघाला हा दोघांमधला दिवाणी वाद मानला जातो. तो त्यात बसत नाही. हेच १३५ पौंड क्रेडिट कार्डाने थेट व्यापाऱ्याला दिले असते, तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ ने कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार धरता आली असती. त्यासाठी वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त हवी. बरोबर १०० असेल तर नाही. मधे दुसरी पेमेंट सेवा आली तर हा धागा तुटू शकतो. नव्याने आलेल्याला क्रेडिट कार्ड लगेच मिळत नाही, हे मान्य. मग डेबिट कार्डाने द्या : चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत कार्डाचे पैसे परत मागणं, हा कायद्याचा हक्क नाही, कार्ड योजनेचा नियम आहे, पण अशा प्रकरणांत तो कामाला येतो. पेपालसारख्या पेमेंट सेवेतल्या ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायाने पैसे मागणाऱ्याकडून मशीन घेऊच नका.

पुढचं मशीन घेताना पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा. पहिली, पाटीचा फोटो : २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ दिसलं पाहिजे. भारतातून आणलेलं मशीन याच कारणाने इथे बिनधोक चालतं, फक्त ३ अँपिअरचा फ्यूज असलेला तीन पिनांचा प्लग बसवून घ्यावा लागतो. दुसरी, तुमचं काम सांगून विचारलेला प्रश्न : ‘जीन्सच्या खालच्या दुमडीचे चार थर शिवेल का?’ व्यापारी ‘हो’ म्हणाला की २०१५ च्या कायद्याचं कलम १० लागू झालं, मग तिथे मशीन अडलं तर जबाबदारी त्याची. चॅरिटी शॉपही इथे विक्रेता व्यापारीच आहे. खासगी माणसाच्या घरी जाऊन घेणार असाल, तर १०० नंबरची नवी सुई, दोरा आणि जीन्सचा तुकडा बरोबर न्या. प्रेसर फूट वर ठेवून दोरा ओवा, नाहीतर तो टेन्शनच्या चकत्यांत बसत नाही आणि खाली गुंता होतो. सरळ, झिगझॅग आणि उलटा टाका शिवून पाहा, बॉबिन भरून पाहा, पाच मिनिटं चालवून पेडलला हात लावा. गरम लागलं तर पैसे खिशातच ठेवा.